बुधवारी तुला कोल्हापूरला जायचं होतं

उजू,

काल दुपारी तुझा फोन वाजला. तो अजून चालू ठेवलाय. तुझा प्रशांत बंद करायला निघाला होता, मीच म्हटलं, राहू दे थोडे दिवस, कुणाकुणाला कळलेलं नसेल. चार्जिंगला मीच लावते. नंबर कोल्हापूरच्या हॉस्पिटलचा होता. बोलणारी मुलगी नवीन असावी, नाहीतर तिथली सगळी माणसं आपल्याला आवाजावरून ओळखतात.

“उज्ज्वला मॅडम ना? बुधवारी तुमची तपासणी आहे. आदल्या दिवशी रक्त तपासून घ्या आणि रिपोर्ट सोबत आणा. जुनी फाईल विसरू नका.”

मी तिला मध्ये तोडलं नाही. इतकी वर्षं तुला पाठ असलेलं ते सगळं मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हटलं, “मी तिची बहीण बोलतेय. ती गेली.”

पलीकडे मागून कुणीतरी पेशंटची नावं पुकारत होतं. मग ती हळूच म्हणाली, “सॉरी मॅडम. मग मी नाव काढू का?”

आई तुझ्या लहानपणी म्हणायची, ही पोरगी नाव काढील. मी त्या मुलीला “काढा” म्हटलं आणि फोन ठेवला. कुकरची तिसरी शिट्टी झाली, चौथी झाली, आणि मी तिथेच उभी होते.

तुझी माहिती सांगायला मी हे लिहीत नाही. ती जलदानविधीच्या दिवशी वाडीतल्या मोठ्यांनी उभं राहून सांगितली. शिक्षण, नोकरी, शाळेतल्या मुलांना विज्ञानाची गोडी लावली, वगैरे. सगळं खरंच होतं. पण ऐकताना मला वाटत होतं, ही कुणा दुसऱ्याच बाईची गोष्ट चाललीय. माझ्या उजूची गोष्ट आंबा घाट चढून जायची आणि घाट उतरून परत यायची. तिथे आपल्याबरोबर कुणी नसायचं.

तू बी.एड. करत होतीस तेव्हा सुरुवात झाली. संडासातून रक्त जायचं आणि तू मूळव्याध समजून कितीतरी महिने कुणाला बोलली नाहीस. मग कळलं की मोठ्या आतड्याला सूज आहे, आतून सगळीकडे व्रण आहेत. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, तू बरी झालीस, पुन्हा आजारी पडलीस. आणि एका सकाळी ताप, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, आणि तुला शुद्ध नाही. बाबा तेव्हा होते. अँब्युलन्समध्ये ते तुझ्या पायाशी बसले होते आणि घाटातल्या प्रत्येक वळणावर तुझे तळपाय घट्ट धरत होते, जणू तू वळणावरून खाली पडशील. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोठं आतडं काढावं लागेल, लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर आणून तिथे पिशवी लावावी लागेल. आयुष्यभर शाळामास्तरकी केलेले आपले बाबा, त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “साहेब, जगेल ना?”

शुद्धीवर आल्यावर तू चादर उचलून बघितलंस. बराच वेळ बघितलंस. मग विचारलंस, “ताई, हे माझं आहे?”

आईला बघवलं नाही, ती व्हरांड्यात जाऊन बसली. म्हणून पिशवी बदलायला वॉर्डातल्या सिस्टरने मला शिकवलं. चकतीला भोक किती मोठं कापायचं, भोवतीची कातडी कशी कोरडी करायची. “याला स्टोमा म्हणायचं,” ती म्हणाली. “हा लाल दिसला पाहिजे. ओठ आतून लाल असतो ना, तसा. काळपट पडला, निळा पडला, तर वाट बघत बसायचं नाही, इकडे यायचं. पिशवी दिवसभर रिकामी राहिली तरी यायचं. पाण्यासारखी सारखी भरायला लागली तरी यायचं.” घरी येईपर्यंत तू त्या स्टोमाचं ‘बंड्या’ करून टाकलं होतंस. बंड्या आज रुसलाय. बंड्याने वर्गात आवाज केला, मी बाक सरकवलं. तू हसायला लागलीस तेव्हा आई पहिल्यांदा खोलीत आली आणि तिने बघितलं.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी आपल्याला समोर बसवून सांगितलेलं मला अजून तसंच्या तसं ऐकू येतं. “मोठं आतडं काढलंय, पण अगदी शेवटचा भाग, गुदाशयाचा, आत ठेवलाय. पुढेमागे जोडायचं म्हटलं तर तो लागेल. पण तो भाग आजारी आहे. तो वापरात नाही म्हणून त्याला विसरायचं नाही. दरवर्षी खालून दुर्बीण घालून बघायचं, तुकडा घेऊन तपासायचा. तुम्हाला कितीही बरं वाटत असलं तरी.”

त्यातलं एकच तू ऐकलंस. “जोडता येईल?” तू विचारलंस.

मग आपल्या फेऱ्या सुरू झाल्या. आधी एसटीने, नंतर प्रशांतच्या गाडीने. जाताना तुझ्या तोंडाला कुलूप असायचं. साखरप्याला चहाला उतरलो तरी तू कपाकडे बघत बसायचीस. ती दुर्बीण तुला नको व्हायची. दुखायचं म्हणून नाही. “कुणीतरी दरवर्षी येऊन घराचं दार ठोठावतं,” तू म्हणाली होतीस, “आणि आत कुणी नाही ना, हे मला दाखवून जातं. आणि त्या वेळेपर्यंत मला वाटत असतं की आत कुणीतरी आहे.” येताना मात्र घाट उतरायला लागलो की तुझं तोंड सुटायचं. शाळेतल्या गमती, मुख्याध्यापकांची नक्कल, पुढच्या सीटवरच्या बाईच्या टोपलीतली कोंबडी. मध्येच गाडी बंद पडावी आणि हे असंच चालू राहावं असं मला वाटायचं.

घरी तर तू स्वतःची प्रयोगशाळाच मांडली होतीस. लघवीचा रंग गडद झाला की पाणी वाढवायचं. वजन एवढं उतरलं की मीठ कमी पडतंय. मोठं आतडं नाही म्हणजे पाणी आणि मीठ धरून ठेवणारं कुणी नाही, हे तू मला खडू हातात असल्यासारखं समजावलं होतंस. वैशाखात आपल्या रत्नागिरीत धडधाकट माणसाचं पाणी होतं, तिथे तुझं काय. तू शाळेत बाटलीत मीठ घातलेली पेज घेऊन जायचीस आणि सहशिक्षिकांना ताक म्हणून सांगायचीस. किडनीचं रक्त, बी-ट्वेल्व्ह, सगळ्या तपासण्या तू वेळेवर करायचीस. एकच गोष्ट तुला आवरली नाही, ती म्हणजे फणस. धागे अडकतात, खायचा नाही म्हणून सांगितलेलं. मालगुंडला आपल्या घराच्या मागच्या पडवीत तू आईच्या नजरेआड कापा फणस खाल्लास, आणि दुसऱ्या दिवशी पिशवी कोरडी, पोटात कळा, सलाईन. डॉक्टरांनी तुला झापलं, तर तू त्यांनाच म्हणालीस, “डॉक्टर, फणसाने मरायचं तर मालगुंडात जन्मलेल्याला ते शोभतं.” ते हसले नाहीत. मी हसले, आणि मग बाहेर येऊन तुझ्याशी दिवसभर बोलले नाही.

प्रशांतला तू निवडलंस तेही तुझ्याच पद्धतीने. आई म्हणत होती, सांगू नये गो आधी, लग्नाचं पक्कं होऊ दे. तू संगमेश्वरला त्याच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेलीस आणि काउंटरवर उभी राहून म्हणालीस, “घरी येऊन मागणी घालायच्या आधी एक ऐक. माझ्या पोटावर पिशवी आहे, शी त्यात होते. कायम राहील.” त्याच्या हातात कुणाचा तरी उघडलेला फोन होता. त्याने विचारलं, “दुखतं काय?” तू म्हणालीस, “नाय.” तो म्हणाला, “मग?” आणि स्क्रू पिळायला लागला. हे तू मला इतक्या वेळा सांगितलंस की तो स्क्रू मला दिसतो.

आणि मग तो रिपोर्ट.

त्या दिवशी डॉक्टरांनी प्रशांतला आणि मलाही आत बोलावलं, तेव्हाच तुला कळलं असणार. “तुकड्यात पेशींनी रूप बदलायला सुरुवात केलीय,” ते म्हणाले. “हा कॅन्सर नाही. पण त्या वाटेवरचं पहिलं पाऊल आहे. माझा सल्ला आहे, तो भाग काढून टाकू या.”

मला वाटलं तू विचारशील, मग जोडता येणार नाही का. तू ते विचारलं नाहीस. तू विचारलंस, “आणि मूल?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “तिथे शस्त्रक्रिया झाली की आतले भाग भरून येताना एकमेकांना चिकटतात. दिवस राहायला अडचण येऊ शकते. येईलच असं नाही.”

“थांबले तर?”

“तर वर्षाने नाही, दर चार महिन्यांनी यायचं. एकदाही चुकवायचं नाही. पण मी मात्र प्रत्येक वेळी काढा असंच सांगणार.”

साखरप्याला प्रशांत गाडीत पेट्रोल भरायला गेला आणि आपण टपरीच्या बाकावर बसलो. मी म्हटलं, “काढून टाक उजू.” मग म्हटलं, “मूल काय, दत्तकही घेता येतं.”

“तुझी दोन घरात खेळतायत,” तू म्हणालीस, “आणि तू मला हे सांगतेस.”

“आधी तू हवीस ना.”

“मी आहे. मी कुठे गेलेय? मी जाते ना दर वेळी, दाखवते ना? काही झालं तर दिसेल.”

“दिसेपर्यंत झालेलं असेल.”

तू माझ्याकडे बघितलंस. तसं तू माझ्याकडे आधी कधी बघितलं नव्हतंस. “ताई, माझं आतडं काढलं तेव्हा मला कुणी विचारलं नाही. मी शुद्धीत नव्हते. बाबांनी सही केली, बरं केलं. पण आता मी शुद्धीत आहे.”

मी उठून चहाचे पैसे दिले.

घरी येईपर्यंत तू मागच्या सीटवर डोळे मिटून बसलीस. त्यानंतर आपण फक्त आईच्या औषधांबद्दल बोलायचो. कोल्हापूरला तू प्रशांतबरोबर जायला लागलीस. तुला ठाऊक नसेल, किंवा असेलही, प्रत्येक वेळी तो तिथल्या जिन्यात येऊन मला फोन करायचा. “ताई, तसंच आहे. वाढलेलं नाय.” मी ऑफिसात फायलींवर डोकं ठेवून बसायचे. शेजारच्या टेबलावरच्या कुलकर्णीबाईंना वाटायचं, मला अर्धशिशी आहे.

दिवस राहिलेत हे मला तू सांगितलं नाहीस. मालगुंडला आईने तव्यावर बांगडा टाकला आणि तू तोंडाला पदर लावून परसात पळालीस. आईने तवा उतरवला आणि मोठ्याने विचारलं, “कितवा गो?” मी दारात उभी होते. तू वाकलेली, माझ्याकडे पाठ. तुझी पाठ चोळायला मी पुढे झाले नाही. ते मी करायला हवं होतं की नाही, याचा विचार मी आता करत नाही, कारण पुढच्या महिन्यांनी ते सगळं वाहून नेलं.

पोट वाढायला लागलं तसा बंड्याही पसरला. जुन्या मापाची भोकं पुरेनात. चकती सुटायला लागली, कातडी सोलायला लागली. आणि एका रविवारी सकाळी तुझा फोन आला. “ताई, मला वाकून दिसत नाही. प्रशांतचे हात थरथरतात. ये.”

मी आले. तू पलंगावर आडवी झालीस, मी कात्रीने नवीन माप कापलं, कातडीला औषध लावून ती वाळवली, चकती बसवली आणि सिस्टरने शिकवलं होतं तसा तळहात ठेवून ऊब दिली. तळहाताखाली आतून कुणीतरी लाथ मारली. तू म्हणालीस, “मावशीला नमस्कार केला.” आपण दोघी रडलो नाही. मी म्हटलं, “चहा टाकते.” भांडण आपण मिटवलं नाही, बाजूला ठेवलं. ते अजून तिथेच आहे.

मैत्री झाली. तुझी लेक मैत्री. ती माझ्या हातात दिली तेव्हा मला तुझ्याकडे बघायचं धाडस होईना, कारण मला ठाऊक होतं तुझ्या डोळ्यांत काय असणार. तू मात्र एवढंच म्हणालीस, “नाक बाबांचं आहे.”

डॉक्टर म्हणाले, आता तो भाग काढू. तू म्हणालीस, दूध पिते, सुटू दे. दूध सुटलं. मग पुढचा रिपोर्ट चांगला आला, त्याच्या पुढचाही. बदललेल्या पेशी सापडल्या नाहीत. “सापडल्या नाहीत याचा अर्थ नाहीत असा होत नाही,” डॉक्टर म्हणाले. तू दोन्ही वाक्यं मला सांगितलीस. पहिलं हसून, दुसरं घाईत. आणि मीही, उजू, मीही पहिल्याच वाक्याला घेऊन बसले. त्या वर्षी आपण गणपतीपुळ्याच्या वाळूत मैत्रीला चालायला शिकवत होतो. तिने पहिली पावलं लाटेच्या दिशेने टाकली आणि तू ओरडत मागे धावलीस, साडी भिजली, पिशवीची पर्वा केली नाहीस. त्या दुपारी मला कुठलाही दुसरा रिपोर्ट नको होता.

लोक विचारतात. जलदानविधीलाही माझ्या कानाशी येऊन विचारलं, “वेळेवर दाखवलं नव्हतं काय?” मला त्यांची कॉलर धरावीशी वाटते. हे तुझ्याबद्दल विचारतात. तुझ्याबद्दल, जिने पुरात हातखंब्याचा रस्ता बंद होता तेव्हा डॉक्टरांना फोन करून पुढच्याच दिवसाची वेळ घेतली. जी शाळेची सहल सोडून तपासणीला गेली. दोन तपासण्यांच्या मधे जी फट होती, तेवढ्यात ते वाढलं. तपासणीनेच सापडलं ते, आणि तरीही उशीर झाला होता. असं होतं. डॉक्टर म्हणाले, असं होतं. मला हे वाक्य सहन होत नाही, पण याच्याहून खरं वाक्य मला मिळालेलं नाही.

मग काढलाच तो भाग. ज्यासाठी इतकं भांडलो, ते शेवटी एका सकाळी करून टाकलं त्यांनी, आणि बाहेर येऊन सांगितलं की यकृतातही गेलंय. मग सलाईनमधली औषधं. तुझे केस गेले नाहीत, विरळ झाले. तू म्हणालीस, बंड्या सोडून सगळे साथ सोडतायत. बंड्या शेवटपर्यंत लालच होता. मी रोज बघायचे. इतका लाल, इतका निरोगी, की मला त्याचा राग यायचा.

शेवटच्या भेटीत डॉक्टर म्हणाले, “आता घरीच राहा. आराम करा.” त्यांना जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. आपण उठलो. दारापर्यंत गेल्यावर तू मागे वळलीस.

“डॉक्टर, पुढची तारीख?”

त्यांनी तुझ्याकडे बघितलं. मग खुर्चीत बसले, कॅलेंडर बघितलं, आणि कागदावर लिहून दिली. बुधवार. तू तो कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवलास. घाटात, येताना, त्या दिवशी तू काहीच बोलली नाहीस. साखरप्याला मी विचारलं, चहा? तू मानेनेच नको म्हटलंस.

नाचणे गावातल्या तुझ्या घरात ते शेवटचे दिवस. आईला मालगुंडहून आणलं होतं. ती तुझ्या पायाशी बसून राहायची, बाबांसारखी. पिशवी पुन्हा माझ्याकडे आली. जिथून सुरुवात केली होती तिथेच, तू उताणी, मी वाकलेली, कोमट पाणी, मऊ फडकं. फक्त तू हातात घेतलं तर उचलली जाशील एवढी झाली होतीस.

एका दुपारी मी चकती बसवत होते. आई आत झोपली होती. प्रशांत औषधं आणायला गेला होता. तू छताकडे बघत म्हणालीस, “ताई, तू म्हणू शकतेस.”

“काय?”

“‘मी म्हटलं होतं ना’, हे.”

माझा तळहात तुझ्या पोटावर होता. मी तो उचलला नाही. मी म्हटलं, “मैत्री आता शाळेतून येईल. केस विंचरून देते.”

“ताई.”

“हलू नको, सुटेल.”

तू हसलीस. मग डोळे मिटलेस. मी केस विंचरले, दोन बाजूंनी क्लिपा लावल्या. मैत्री आली, तिने दप्तर टाकलं आणि तुला गणितात पैकीच्या पैकी पडल्याचं सांगितलं. ते बोलणं पुन्हा निघालं नाही. मी निघू दिलं नाही.

आता मला कळतं की तू मला एक वाट करून देत होतीस. मी रागवावं, एकदाच मोठ्याने म्हणावं, काढून टाक म्हटलं होतं ना गो मी, आणि मोकळं व्हावं. पण मी कसं म्हणणार? मी म्हटलं तसं तू केलं असतंस तर कदाचित आज तू असतीस, आणि दप्तर टाकणारी ही नसती. आणि तुझं बरोबर होतं असं म्हणायचं, तर तुझं जाणं मला मान्य आहे असं होतं. ते मला कधीच मान्य होणार नाही. दोन्हीपैकी एकही वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. अजूनही निघत नाही. मैत्री समोर येते तेव्हा पहिलं वाक्य घशात मरतं. ती शाळेत जाते तेव्हा दुसरं.

तुझे आभार मानायचे तर कशाचे मानू? तू मला तुझ्या शरीराच्या इतक्या जवळ येऊ दिलंस. आपल्यात बहिणीबहिणी एकमेकींसमोर साडीही बदलत नाहीत, आणि तू मला तुझं आतलं बाहेर आलेलं दाखवलंस. आईने जे धुतलं नाही ते मी धुतलं. मला वाटायचं मी तुझ्यासाठी करतेय. आता हात रिकामे झाल्यावर कळतंय, कुणी कुणाला काय दिलं ते. कपाटात पिशव्यांचे दोन खोके शिल्लक आहेत. प्रशांत म्हणाला, सिव्हिलमध्ये देऊ या, कुणाला तरी लागतील. लागतील. मी देईन. अजून दिलेले नाहीत.

परवा रविवारी मैत्री माझ्याकडे आली होती. दुपारी जेवणं झाल्यावर ती माझ्याजवळ बसली आणि नखाने चटईची काडी उकलत म्हणाली, “मावशी, आमच्या वर्गातली एक मुलगी म्हणते, माझ्या आईच्या पोटाला भोक होतं म्हणून ती मेली.”

मी म्हटलं, “नाय गो. त्या भोकामुळे ती जगली. ते पाडलं नसतं तर ती तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी गेली असती.”

तिने यावर विचार केला. तुझ्यासारखाच, खालचा ओठ आत घेऊन. “मग कशाने?”

“दुसऱ्या आजाराने. तो येतो काय, हे बघायला ती सारखी कोल्हापूरला जायची.”

“तिने नीट नाय बघितलं?”

“बघितलं. तिच्याएवढं कुणी बघितलं नसेल.”

“मग?”

त्या ‘मग’पुढे मी गेले नाही, उजू. तू असतीस तर काहीतरी सांगितलं असतंस, फळ्यावर काढून दाखवलं असतंस. मी म्हटलं, “ये, झोपू या जरा.”

मी चटईवर आडवी झाले. ती माझ्या कुशीत आली, पण पूर्ण आली नाही. डोकं माझ्या दंडावर ठेवलं, हात माझ्या गळ्यात टाकला, आणि पोट मात्र माझ्या पोटापासून वीतभर लांब ठेवलं. आधी मला समजलं नाही. मग समजलं. ती जन्मल्यापासून तुझ्याजवळ अशीच झोपलीय. पिशवीला धक्का लागू नये म्हणून मध्ये जागा सोडून. तिला आईजवळ झोपणं असंच ठाऊक आहे.

मी म्हटलं, “जवळ ये गो बाय. मला पिशवी नाही.”

“माहितेय,” ती म्हणाली, आणि तशीच झोपी गेली.